घर तपासणीचं लायसन्स: बेळगाव भागात कुणाची सही कशासाठी चालते

प्रश्न विचारणारे खानापूर तालुक्यातले आहेत. बेळगावातून सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, त्यानंतर तीन वर्षं साइटवर सुपरव्हायझर. अमेरिकेतल्या मामेभावानं घर घेण्याआधी 'होम इन्स्पेक्टर' बोलावला, त्याचा चाळीस पानी रिपोर्ट यांनी वाचला, आणि हे काम आपल्यालाही जमेल असं त्यांना वाटलं. त्यांचे प्रश्न दोन: याचं लायसन्स इथे कुठल्या ऑफिसात मिळतं, आणि इंटरनेटवर पैसे भरून मिळणारा 'आंतरराष्ट्रीय सर्टिफाइड' कोर्स करावा का?

आधी सरळ उत्तर. 'होम इन्स्पेक्टर' या नावाचं लायसन्स भारतात कुठलंच सरकारी खातं देत नाही, त्यामुळे ते घ्यायला जायचं ऑफिसही नाही. पण म्हणून कुणीही कशावरही सही करावी असंही नाही. घराशी संबंधित काही कागद असे आहेत की त्यावर ठरावीक नोंदणी असलेल्या माणसाचीच सही चालते. तेव्हा खरा प्रश्न असा: माझ्या आजच्या शिक्षणावर मी कशावर सही करू शकतो, कशावर नाही, आणि मधल्या जागेत प्रामाणिकपणे काय विकू शकतो?

मामेभावाकडचा प्रकार आधी समजून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेत हे लायसन्स राज्याचं असतं, देशाचं नाही. न्यूयॉर्कमध्ये १४० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि त्यातले ४० तास लायसन्सधारक इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरांवर काढावे लागतात. कॅलिफोर्नियात मात्र राज्याचं लायसन्सच नाही. तरी तिथल्या कायद्यात एक अट आहे: ज्या घराची तपासणी केली त्याच घराच्या दुरुस्तीचं काम इन्स्पेक्टरनं पुढचे बारा महिने घ्यायचं नाही. बरीच राज्यं जी सामाईक परीक्षा मानतात तिच्यात पर्यायी उत्तरांचे २०० प्रश्न आणि चार तास वेळ असतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांत लायसन्स सक्तीचं आहे. इंटरनेटवरचे बहुतेक कोर्स म्हणजे तिकडच्या खाजगी संघटनांचं सदस्यत्व किंवा या परीक्षांची तयारी. त्यातून रिपोर्ट कसा लिहायचा, काय क्रमाने बघायचं, ही शिस्त चांगली मिळते. पण त्यातलं घर लाकडी चौकटीचं, भिंती जिप्सम बोर्डच्या, छताला डांबरी पत्रे, तळघरात भट्टी. आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीबद्दल आणि गच्चीच्या गळतीबद्दल त्यात ओळही नाही. परवडत असेल तर अभ्यास म्हणून करा, पण त्या प्रमाणपत्रावर 'लायसन्सधारक' असं कार्ड छापू नका. ते खोटं ठरेल.

आता ज्या सह्यांना खरोखर नोंदणी लागते त्या बघू.

पहिली किमतीची. 'या घराची किंमत इतकी' असं बँकेला, कोर्टाला किंवा कंपनीच्या कामाला लिहून द्यायचं तर व्हॅल्युअर लागतो. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे जमीन आणि इमारत या वर्गात नोंदणी हवी असेल तर सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षं पुरतात. मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं सदस्य व्हायचं, तिचा ५० तासांचा कोर्स करायचा आणि मग आयबीबीआयची, म्हणजे केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाची, संगणकावरची परीक्षा. पास व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. डिप्लोमा या दाराशीच थांबतो. आयकराच्या कामासाठीची व्हॅल्युअरची नोंदणी वेगळी, तिथेही अनुभवाची अट मोठी. बँका तर नोंदणीनंतरही आपापल्या पॅनेलवर वेगळं घेतात. म्हणून आज तुमच्या रिपोर्टात घराची किंमत हा शब्दही येऊ देऊ नका. गिऱ्हाईक हमखास विचारतो, 'साहेब, पस्तीस लाख जास्त होतायत का?' त्याला दुरुस्तीला अंदाजे किती लागतील ते सांगा, किमतीसाठी व्हॅल्युअरकडे पाठवा.

दुसरी मजबुतीची. 'इमारत सुरक्षित आहे', 'वर आणखी एक मजला चढवता येईल' ही वाक्यं स्ट्रक्चरल इंजिनिअरची. बेळगाव परिसर २०१६ च्या भूकंप संहितेत झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम, वर तीन मजले विटांनी भरलेले अशा इमारती आता टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत सगळीकडे दिसतात. अशा इमारतीबद्दल नुसत्या डोळ्यांनी बघून मत देणं हे कुणाचंच काम नाही, तिथे नकाशे, सळीचा तपशील आणि गणित लागतं. तुम्ही लिहायचं ते इतकंच: 'तळमजल्यावर भिंती नाहीत, दोन कॉलमच्या तळाशी आवरण सुटून सळी दिसते, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवणं आवश्यक.' हे वाक्य गिऱ्हाइकाचे लाखो रुपये वाचवतं आणि ते लिहायला डिप्लोमा पुरतो.

तिसरी विजेची. वायरिंगचं काम आणि त्याचा चाचणी अहवाल परवानाधारक कंत्राटदार आणि परमिट असलेला सुपरव्हायझर किंवा वायरमन यांच्या हातचं. ही परमिटं कर्नाटकात विद्युत निरीक्षणालय देतं. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, कनेक्शन घेताना जो अहवाल लागतो तो यांच्याच सहीचा. तुम्ही प्लगला टेस्टर लावा, आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बटण दाबून बघा, पण बोर्ड उघडायचा असेल तर परमिटवाला बरोबर न्या. चांगला वायरमन जोडीला असणं ही या धंद्यातली अर्धी कमाई आहे.

चौथी नकाशाची. बांधकाम परवान्याच्या नकाशावर महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या आर्किटेक्टची किंवा इंजिनिअरची सही लागते. 'आर्किटेक्ट' ही पदवी तर १९७२ च्या कायद्यानं राखीव आहे, कौन्सिलच्या नोंदणीशिवाय नावापुढे लावता येत नाही. राज्यात सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीसाठी २००४ चा कायदाही आहे. पुढे स्वतःला इंजिनिअर म्हणवून काम करणार असाल तर त्याची आजची स्थिती काय, याची चौकशी करून ठेवा.

या चार गोष्टी वगळून जे उरतं ते तुमचं: घर बघणं, मोजणं, फोटो काढणं, दोष आणि त्याचं संभाव्य कारण लिहिणं, आणि कुठल्या तज्ज्ञाला बोलवायचं ते सांगणं. याला परवाना लागत नाही. म्हणूनच यात माणसाची लायकी कागदावरून कळत नाही, त्याचं बघणं किती पक्कं आहे यावरून कळते.

पदवी घ्यावी का, हे तुमच्या वयावर आणि घरच्या परिस्थितीवर आहे. पुढे किमतीच्या किंवा मजबुतीच्या कामात जायचं असेल तर घ्याच. डिप्लोमावाल्यांना कर्नाटकात डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, आणि विश्वेश्वरय्या विद्यापीठाची कॉलेजं बेळगावातच आहेत. एक सावधगिरी: नोकरी सांभाळून 'एएमआयई' (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) करा म्हणजे पदवीच झाली, असं अजूनही लोक सांगतात. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांसाठी ती केंद्र सरकारच्या लेखी पदवीसमान नाही. त्यात चार वर्षं घालवून मग व्हॅल्युएशनचा अर्ज परत आला, असं होऊ देऊ नका.

आता खरं शिक्षण. आपल्या जिल्ह्यात एका टोकाचं घर दुसऱ्या टोकाच्या घरासारखं वागत नाही. तुमच्याकडे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जांभा दगड, चिऱ्याच्या भिंती, कौलं आणि धो धो पाऊस. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडे गेलात की पाऊस कमी आणि पायाखाली काळी माती. इथली तपासणीची यादी तिथे नेली तर निम्मे मुद्दे निरुपयोगी ठरतात.

काळ्या मातीत पाणी गेलं की ती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला भेगा पडतात. हलक्या घराचा पाया उथळ असला की त्याच्याबरोबर वरखाली होतो. खूण अशी: खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, जी वर रुंद आणि खाली निमुळती किंवा उलट असते, आणि जी मे महिन्यात उघडते, ऑगस्टमध्ये मिटत जाते. मालकाला विचारा, 'पावसाळ्यात दार घट्ट होतं का?' तो हो म्हणाला की दार लाकडामुळे फुगलं की चौकट तिरकी झाली, हे ओळंबा लावून बघा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण करून तारीख लिहा, भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. नुसत्या गिलाव्याच्या केसाएवढ्या जाळीदार भेगा वेगळ्या, त्या पाणी कमी मारल्याच्या. दोन्हींना 'भिंतीला तडे' असं एकच नाव देणारा रिपोर्ट गिऱ्हाइकाला विनाकारण घाबरवतो, नाहीतर विनाकारण निर्धास्त करतो. काळ्या मातीत खोलवर नेलेले फुगीर बुडाचे पाइल (जमिनीतले काँक्रीटचे खांब) हा नेहमीचा उपाय, पण तयार घरात पाया दिसत नाही. म्हणून बांधकामाच्या वेळचे फोटो मागा, आणि नसतील तर 'पाया बघता आला नाही' असं स्वच्छ लिहा.

चिऱ्याच्या भिंतीचं दुखणं पाणी. जांभा सच्छिद्र असतो, पाणी ओढतो आणि तितक्याच सहज सोडतो. बाहेरून जाड सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिकसारखा रंग दिला की ओढलेलं पाणी आत अडकतं आणि खोलीच्या बाजूनं पोपडे निघतात. मालक दरवर्षी आतून रंग देतो आणि दरवर्षी तो सुटतो. अशा ठिकाणी ओल कुठून आली ते उंचीवरून ओळखा. जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंत सलग पट्टा आणि त्यावर पांढरा क्षार असेल तर ती जोत्यातून वर चढलेली ओल. खिडकीखाली किंवा छज्जाच्या रेषेत डाग असेल तर पाऊस आत मारतोय. मोरी किंवा संडासाच्या पलीकडच्या भिंतीवर बारा महिने डाग असेल तर पाइप. इथे मॉइश्चर मीटर फसवतो, हे लक्षात ठेवा. भिंतीत क्षार असले की भिंत कोरडी असूनही आकडा मोठा दाखवतो. म्हणून मीटर एकाच भिंतीवर खालून वर दर फुटाला लावून आकडे कसे उतरतात ते बघा, एकट्या आकड्यावर निदान करू नका.

जुन्या वाड्यात लाकडी खांबाचं बूड आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी बघा. वरून पॉलिश चकचकीत आणि आत वाळवीनं पोकळ, हे हातोडीच्या मुठीनं वाजवलं की आवाजावरून कळतं. चिऱ्याच्या भिंतीवर नंतर स्लॅब टाकलेला असेल तर बीमच्या खाली भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे बेड ब्लॉक, आहे का ते तपासा. नसला की बीमखालचा चिरा चेपतो आणि तिथून उभी भेग निघते.

गच्चीचा प्रश्न बेळगावात आणखी गुंतागुंतीचा झालाय, कारण गळती लागली की लोक वर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकतात. पत्रे असले की गच्ची कोरडी दिसते आणि विकणारा म्हणतो, गळतच नाही. पत्र्याचे खांब कशात रोवलेत ते बघा. स्लॅबला भोक पाडून बोल्ट मारले असतील तर पुढची गळती तिथूनच सुरू होते. उघड्या गच्चीला उतार शंभराला किमान एक हवा, तोही नळीच्या दिशेनं. खात्री करायची तर नळ्या बंद करून एक-दोन इंच पाणी ४८ तास साठवून खालचं छत बघतात, पण त्यासाठी मालकाची लेखी परवानगी घ्या. छत आधीच झिरपतं आहे तिथे ही चाचणी करायचीच नाही.

रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) विकत घेण्याची घाई करू नका. तो घेतला की माणूस लगेच 'काँक्रीट एम-२०' अशी ताकदीची प्रत लिहायला लागतो. भारतीय मानकानुसारच त्याच्या अंदाजात अधिक-उणे २५ टक्के फरक पडू शकतो, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशननं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, कडक झालेला असला की ताकद आहे त्याहून बरीच जास्त दिसते. गिलाव्यावर मारला तर मोजमाप गिलाव्याचंच. सुरुवातीला चांगली बॅटरी, ओळंबा, पाणीनळी, लेझर मीटर, हलकी हातोडी, भेगेची रुंदी मोजायची पट्टी, मॉइश्चर मीटर, प्लग टेस्टर आणि शिडी एवढं पुरे. ०.३ मिलिमीटर ही रुंदी डोळ्याला बसवून घ्या. आरसीसीमध्ये साध्या वातावरणात तेवढी भेग संहिता चालवून घेते, त्यापुढे कारण शोधायचं.

विजेत तीन गोष्टी तुम्हाला कळल्याच पाहिजेत, चाचणी वायरमननं केली तरी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का आणि तो खरंच वीज तोडतो का. ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वायर आणि अर्थिंगमध्ये किमान एक मेगओहम येतो का. आणि अर्थिंगचा खड्डा नुसता दाखवायला आहे का. जांभ्याच्या मुरमाड जमिनीत ओल धरत नाही, उन्हाळ्यात अर्थिंग पार सुकतं, आणि घरातला गीझर-पंप नेमका तेव्हाही चालूच असतो.

नदीकाठच्या घरांचं वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या सखल भागात आणि चिकोडी-निपाणीकडच्या काठावरच्या गावांत पाणी घरात शिरलं होतं. त्यानंतर रंग नवे झाले, पण खुणा राहतात: चौकटींचं बूड फुगलेलं, खालच्या स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेले, कपाटाच्या मागे गढूळ पाण्याची सरळ रेषा. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट लावून 'पक्कं' केलेलं घर तर वाजवूनच बघा. विहीर आणि सेप्टिक टँक एकाच परड्यात असतील तर टँकच्या पाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब हवा. छोट्या प्लॉटवर हे बहुतेकदा पाळलेलं नसतं, आणि घर घेणारा तेच पाणी पिणार असतो.

कागदांबद्दल थोडक्यात. मालकीवर मत द्यायचं नाही, ते वकिलाचं काम. पण कन्नड वाचता आलंच पाहिजे. पंचायतीचा ई-स्वत्तूचा (मिळकतीची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११, नोंदणी खात्याकडचा बोजा दाखला, मंजूर नकाशा हे सगळं कन्नडमध्ये असतं. तुम्ही त्यातलं बांधकामाचं मोजमाप जागेवरच्या मोजमापाशी ताडून बघायचं. नकाशात एक मजला आणि जागेवर दोन असेल तर तो तुमच्या रिपोर्टातला पहिला मुद्दा. १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या वाड्यांचे कागद मराठीत, क्वचित मोडीतही निघतात. ते वाचणारा माणूस माहीत असू द्या. नव्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला सांगा, की रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष लेखी कळवला तर बिल्डरनं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तारीख आणि फोटो असलेला तुमचा रिपोर्ट तिथे उपयोगी पडतो.

रिपोर्टात तीन शब्दप्रयोग वेगळे ठेवा: 'दिसलं', 'दिसलं नाही' आणि 'बघता आलं नाही'. बंद खोली, सामानानं भरलेला पोटमाळा, फॉल्स सीलिंगच्या वरचं, हे सगळं तिसऱ्यात जातं. तपासणीची तारीख आणि आधीच्या आठवड्यात पाऊस होता का, हेही लिहा, कारण एकच घर मे आणि जुलैमध्ये दोन वेगळे रिपोर्ट देतं. काम सुरू करण्याआधी एक पानी करार करा: काय बघणार, काय नाही, फी किती, ती आधी की नंतर. फी घर घेणाऱ्याकडूनच घ्या. एजंटाकडून कमिशन घेतलंत किंवा त्याच घराच्या वॉटरप्रूफिंगचं काम तुमच्याच गवंड्याला दिलंत, की तुमच्या 'गळती आहे' या वाक्याला किंमत राहत नाही. कॅलिफोर्नियाची ती बारा महिन्यांची अट इथे कायद्यानं नसली तरी स्वतःवर लावून घ्या. धंदा वाढला तर सेवेच्या कामाला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. उद्यमची (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी मात्र आधीच करून ठेवा, ती फुकट आहे.

तुमच्या जागी सुरुवात अशी करावी असं मला वाटतं. नोकरी सोडू नका. एखाद्या अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर आणि एका परमिटधारक वायरमनबरोबर सुट्टीच्या दिवशी तीस-चाळीस घरं फुकट बघा. बाराशे चौरस फुटांच्या घराला साडेतीन-चार तास लागले पाहिजेत, तासाभरात उरकत असेल तर बरंच सुटतंय. त्यात खानापूरकडची चिऱ्याची, शहरातली आरसीसीची आणि गोकाकच्या बाजूची काळ्या मातीवरची अशी तिन्ही घ्या. यातली दहा घरं मे महिन्यात बघा, प्रत्येकात ओल आणि भेग कुठे वाढेल ते लिहून पाकीट बंद करा, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तोच कागद घेऊन पुन्हा जा. दहापैकी सात-आठ ठिकाणी तुमचं लिहिलेलं बरोबर निघायला लागलं की पहिली फी मागायला हरकत नाही.